बोलता येईल इतका वेग

आमच्या हसनाबादेत मोठा माणूस विनाकारण पळत नाही. पोरे पळतात, वासरे पळतात, वरातीपुढचे फटाके ऐकून घोडा बिथरला तर नवरदेवासकट घोडाही पळतो. पण साठी ओलांडलेला, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला, पेन्शन खाणारा गृहस्थ रस्त्याने पळताना दिसला, की समजावे, काहीतरी विपरीत घडले आहे. कुणाच्या गोठ्याला आग लागली असेल, कुणाला पान लागले असेल, नाहीतर गेलाबाजार भोकरदनची एसटी सुटत असेल. म्हणूनच २०२१च्या दिवाळीत एका पहाटे मी राजूरच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा हौसेने धावत होतो, तेव्हा मागून मोटारसायकलवर येणाऱ्या दूधवाल्याने करकचून ब्रेक दाबला. दोन्ही बाजूंच्या कॅन खणखणल्या.

"काय झालं साहेब? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग काहून पळायलेत?"

"असंच."

'असंच' हे उत्तर त्याला पटण्यासारखे नव्हतेच. "बसा मागं, सोडतो," म्हणाला. मी नको म्हटले, तरी मला एकट्याला टाकून जाणे त्याला बरे वाटेना. तो माझ्या बाजूबाजूने गाडी हळूहळू चालवत राहिला. तेवढ्यात त्याला दिसले, की माझ्यापुढे शंभर पावलांवर माझी मुलगीही पळते आहे. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रुसून निघालेल्या लेकीला परत आणायला म्हातारा बाप मागे पळतो आहे! तो काही न बोलता समजूतदारपणे पुढे निघून गेला आणि ही बातमी दुधाबरोबर घरोघर पोचली.

त्या दिवशी आम्ही घरी येऊन खूप हसलो. आज मात्र वाटते, त्या भल्या माणसाचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता.

मुलगी छत्रपती संभाजीनगरला असते. नोकरी, नवरा, एक मुलगी असा तिचा संसार. २०२०च्या टाळेबंदीत ती गच्चीवर फेऱ्या मारायला लागली, टाळेबंदी उठल्यावर रस्त्यावर उतरली आणि चालता चालता कधीतरी धावू लागली. दिवाळीला गावी आली, तेव्हा माझ्या उशाशी रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे पाहून म्हणाली, "बाबा, उद्यापासून पहाटे माझ्याबरोबर चला." मी बँकेतला माणूस. तारण तपासल्याशिवाय कर्ज दिलेले नाही. आधी जालन्याला जाऊन डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घेतला, त्यांची परवानगी घेतली आणि मगच बुटाच्या नाड्या बांधल्या. वाचकांपैकी कुणी या वयात सुरुवात करणार असेल, तर त्यांनीही हा क्रम उलटा करू नये.

मुलीने सुरुवातीला मला एक मिनिट पळायचे आणि दोन मिनिटे चालायचे असा हिशेब घालून दिला. वेगाबद्दल तिचा एकच नियम होता. शेजारच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य मध्येच तुटले, की वेग जास्त झाला असे समजून कमी करायचा. हौसेने धावणाऱ्यांमध्ये हा नियम जगभर पाळला जातो, असे तिने सांगितले. नियम साधा होता. पण आम्हा बापलेकींना तो जड गेला, तो दम कमी पडला म्हणून नव्हे. कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी पूर्ण वाक्य असे बोललोच नव्हतो. "पोचलीस का?" "पोचले." "गोळी घेतली का?" "घेतली." फोनवर आमचे एवढेच चाले. बाकीचे बोलणे तिच्या आईशी.

तर आम्ही पळू लागलो. ती गावी आली की दोघे, एरवी मी एकटा.

हा आमचा मुलूख चालणाऱ्यांचाच आहे. तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळातले भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना देणग्या देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावचे लोक सापडतात. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसे कुठवर चालत जात असतील, याचा त्यावरून अंदाज यावा. आजही अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर माणसांची रांग चालत येते. आमच्या घरात अंतर मोजायची मापे मात्र पिढीगणिक बदलत गेली. आजोबा निजामाच्या राज्यात वाढलेले, ते कोसात बोलत. वडील मैलात बोलत. १९५६चा मापांचा कायदा आला आणि पुढे रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे झाले, तरी दगडाला आपण अजून मैलाचाच दगड म्हणतो. मी किलोमीटरमध्ये बोलतो. मुलगी मनगटावरच्या घड्याळात पाहून मिनिटांत बोलते. एक किलोमीटरला किती मिनिटे, एवढेच तिला हवे असते.

दगडांचीही आपली भाषा असते. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य मार्गाचा, केशरी डोक्याचा असेल तर रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. धावताना या दगडांशी नाते जुळते. पहिल्या दगडापर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागले. तिथे हात टेकून उभा होतो, तेव्हा एकाएकी आईची आठवण झाली. १९७२च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. गिरजा नदी नावापुरती उरली होती. शिवारात काही पिकले नाही, म्हणून माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई. हातोड्याने दगडाचे तुकडे करायचे आणि ढीग मोजून घ्यायचा. शाळेत सुकडी मिळे, घरात मिलोच्या लाल भाकरी असत. तिने फोडलेली खडी याच भागातल्या रस्त्यांखाली कुठेतरी पडली आहे. तिचा मुलगा आता त्या रस्त्यांवर अंगाला घाम यावा म्हणून पळतो. तिला हे दाखवले असते, तर तिने दूधवाल्यासारखेच विचारले असते, "काहून?"

पहाटे या रस्त्यावर आम्ही दोघेच नसतो. भरतीची पोरे असतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाबाहेर पाच वाजता जा, ही पोरे दिसणारच. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पन्नास गुणांच्या चाचणीत वीस गुण त्या एका शर्यतीचे असतात. सेकंदाच्या फरकाने गुण जातात आणि गुणांबरोबर नोकरीही जाते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटर चालत शाळेत जायचा. आईवडील शेती करत, वीटभट्टीवर राबत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला आणि नंतर धावू लागला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतले. १९९८पासून त्या शर्यतीची सगळी पदके केनियाच्या धावपटूंकडे जात होती. भरतीच्या पोरांच्या तोंडी त्याचे नाव असते. त्यांच्यासाठी धावणे म्हणजे पगार, घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न. पुण्यात १९८३पासून आणि मुंबईत २००४पासून मोठ्या मॅरेथॉन होतात, साताऱ्याच्या घाटात हजारो लोक हौसेने २१ किलोमीटर धावतात, हे त्यांना ठाऊक असते. पण पैसे भरून, नोकरीचा संबंध नसताना, पहिले येण्याची आशा नसताना धावतात, हे सांगितले की ती माझ्याकडे दूधवाल्याच्याच नजरेने बघतात.

या पोरांमध्ये २०२२च्या पावसाळ्यात एक मुलगी दिसू लागली. एकोणीस-वीसची असेल. आखूड केस, सलवारीवर टी-शर्ट. तिचा बाप मोटारसायकलवरून येई. कपाळाला गंध, डोक्याला रुमाल बांधलेला शेतकरी माणूस. रस्त्याकडेला गाडी लावून मोबाइलमधले घड्याळ हातात धरून उभा राही. पोरगी त्याच्यासमोरून निघाली की बटण दाबायचा, परत आली की पुन्हा दाबायचा आणि सेकंद मोठ्याने सांगायचा. एकदा मी सहज म्हणालो, "रोज येता तुम्ही." तो म्हणाला, "मिरच्या तोडणीला आल्यात, माणसं मिळंनात. पण पोरीची सकाळ बुडवून कसं चालंल?" आमच्याकडे पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार मोठा. मिरचीच्या हंगामात एका माणसाची एक सकाळ म्हणजे किती रुपये, हे मी कर्जवाटप केलेला माणूस बरोबर जाणतो. त्याचे वाक्य माझ्या मनात कुठेतरी रुतले. का रुतले, हे कळायला दिवाळी यावी लागली.

त्या दिवाळीत घराची रंगरंगोटी काढली होती. माळा रिकामा करताना सौ.ने जपून ठेवलेली 'कालनिर्णय'ची चळत खाली आली. १९८५पासूनची. मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी ती ती ठेवते, असा माझा समज होता. सुतळी सोडून वरचेवर चाळू लागलो, तर तारखांच्या चौकटींत तिचे बारीक अक्षर. बहुतेक दुधाचा हिशेब. 'दीड ली.', 'दूध नाही', 'गॅस लावला', 'इस्त्रीचे ११ रु.' आणि या सगळ्या हिशेबात अधूनमधून आमच्या मुलीचे सगळे आयुष्य.

फेब्रुवारी १९८७मध्ये एका चौकटीत लिहिले होते : 'चालली! सहा पावलं. हे दौऱ्यावर.' मला तो दौरा आठवला. ग्रामीण विकासाच्या योजनेत म्हशींसाठी कर्जे दिली होती. कर्जाची म्हैस जागेवर आहे की नाही, हे पाहण्यासाठी विम्याचे बिल्ले म्हशींच्या कानांत मोजत मी गावोगाव फिरत होतो. माझी मुलगी सहा पावले चालली त्या दिवशी मी किती म्हशींचे कान तपासले, याचा अहवाल बँकेच्या दप्तरात नक्की असणार. पुढे १९९२ : 'शाळेत पहिला दिवस. रडली नाही. मीच रडले. यांची बदली आली.' मार्च २००१ : 'गणिताचा पेपर. सोबत शेजारचे काका.' दहावीची परीक्षा मार्चमध्ये आणि बँकेचे क्लोजिंगही मार्चमध्ये. तेव्हा मी काय करू शकत होतो? बँकेत असलेल्या कुणालाही विचारा, ३१ मार्चला माणूस कुणाचा बाप नसतो.

इथपर्यंत मी हसत होतो. सौ.ही हसत होती. मग सप्टेंबर १९९९चे पान आले.

'पहिली आली. ६०० मी. जिल्ह्याला जायचं. हे नको म्हणाले. दूध १ ली.'

मी कॅलेंडर मिटले. सौ. काही बोलली नाही. तिने लिहून ठेवले होते, तेवढे पुरेसे होते.

तेव्हा आम्ही मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी होतो. मुलगी तेरा वर्षांची. शालेय स्पर्धेत सहाशे मीटरमध्ये ती तालुक्यात पहिली आली. पुढे जिल्हा, मग विभाग. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी घरी येऊन परवानगी मागितली. मी म्हणालो, "गणित कच्चं आहे, अभ्यासाचं नुकसान होईल." तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट मी उचलून कपाटावर ठेवले. तिने एक शब्दही उलटून विचारला नाही. पुढे दोन वर्षांनी माझी बदली झाली आणि तो विषय तिथेच राहिला.

पण खरे कारण गणित नव्हते. आदल्या दिवशी शाखेत एक बडा खातेदार काउंटरवर रेलून म्हणाला होता, "साहेब, तुमची पोरगी काय झकास पळते हो, चड्डीवर! सगळं गाव बघत होतं." रांगेतले चार लोक हसले. मीही हसलो. संध्याकाळी घरी जाऊन बूट कपाटावर ठेवले. एवढेच. त्या माणसाला मी काही बोलू शकलो नाही, म्हणून मुलीला बोललो. माझ्या कादंबऱ्यांत अशा भित्र्या बापांना मी चांगले झोडपले आहे. वाचकांची पत्रे आली, एकदोन ठिकाणी सत्कारही झाले. त्यांतला एक बाप माझ्याच घरात राहतो, हे मात्र कधी लिहिले नाही.

मुलींचे बूट कपाटावर ठेवणारा मी काही पहिला नाही, हेही नंतर वाचताना लक्षात आले. १९२८ सालच्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत ठेवली होती. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमलेल्या दिसल्या, म्हणून मोठ्या मोठ्या माणसांनी ठरवले, की एवढे अंतर बायकांना झेपायचे नाही. ती शर्यत पुन्हा ऑलिंपिकमध्ये यायला १९६० उजाडले. बत्तीस वर्षे! स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली. त्याच लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. त्यानंतर भारताची दुसरी धावपटू ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचायलाही बत्तीसच वर्षे लागली. २०१६ साली रिओमध्ये ती गेली आणि ती आपल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर होती. माण म्हणजे आमच्या भोकरदनसारखाच पाण्यावाचून तळमळणारा मुलूख. लोक काही तिथेही बोलत असतीलच. तिच्या घरच्यांनी बूट कपाटावर ठेवले नाहीत, एवढे खरे.

माझी मुलगी ललिता बाबर झाली असती, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुधा जिल्ह्याला सातवी आली असती, एसटीने परत येऊन दोन दिवस पाय दुखतात म्हणून कुरकुरली असती आणि कॅलेंडरच्या चौकटीत 'सातवी' असे लिहिले गेले असते. तेवढेच तिचे होते. तेवढे मी येऊ दिले नाही.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही दोघे निघालो. थंडी पडू लागली होती. कपाशीच्या शेतांवर धुके होते. पहिला दगड गेला, दुसरा गेला. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "बाळा, तुला ते सहाशे मीटर आठवतात?"

ती दहा-पंधरा पावले काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठवतात."

"मी गणिताचं कारण सांगितलं होतं. ते खरं नव्हतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"बाबा, त्या वर्षी मला गणितात एक्याऐंशी होते."

मी तिला काउंटरवरची गोष्ट सांगितली. तो माणूस, ते हसणे, माझे हसणे. सांगता सांगता वाक्य तुटले आणि मी थांबलो. ती मागे वळून म्हणाली, "थांबू नका, चालत राहा. एकदम थांबायचं नसतं." आम्ही चालू लागलो. मग ती बोलली. इतके सलग ती माझ्याशी त्याआधी कधी बोललेली मला आठवत नाही.

"मला जिल्ह्याचं तेवढं काही वाटलं नाही. तुम्ही बूट कपाटावर ठेवलेत, त्याचं वाटलं. तुम्ही ब्रँचमध्ये गेलात, की मी खुर्ची लावून ते काढायचे. पायात घालायचे, घरातल्या घरात इकडून तिकडे चालायचे आणि तुम्ही यायच्या आत पुन्हा होते तसे ठेवून द्यायचे. आईला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी ते बसेनासे झाले. मग सोडून दिलं."

मी म्हणालो, "चुकलंच माझं."

ती म्हणाली, "हो."

त्या 'हो'नंतर तिने 'जाऊ द्या' म्हटले नाही, आणि ते बरे केले. बँकेत आम्ही मोठमोठ्या कर्जमाफ्या पाहिल्या. कर्ज माफ होते, बाकी शून्य होते. पण खात्याचे पान कुणी फाडत नाही. नोंद राहते. ती राहिलीच पाहिजे. थोड्या वेळाने तिने पाण्याची बाटली पुढे केली. "बोलता येतंय ना आता?" मी मान डोलावली. "मान नाही, वाक्य बोलून दाखवा." मी म्हणालो, "मला आता बोलता येतं आहे." "मग चला," ती म्हणाली आणि आम्ही पुन्हा पळू लागलो.

त्याला आता काही वर्षे झाली. रक्तदाबाची गोळी सुटली नाही, अर्धी झाली. डॉक्टर म्हणतात, तेही कमी नाही. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे अंगाला थोडा घाम येईल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढी माझी होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सूर्य उगवायच्या आत परतायचे. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असे पळायचे. कुत्र्यांशी ओळख ठेवायची. मिरचीवाल्या बापाची मुलगी आता या रस्त्यावर दिसत नाही. भरतीत तिचे काम झाले, असे दूधवाल्याकडून कळले.

नात नऊ वर्षांची झाली आहे. तिला धावणे अजिबात आवडत नाही. सुटीत येते, तेव्हा आमच्यापुढे सायकल दामटत जाते, दगडावर बसून राहते आणि आम्ही पोचलो की सांगते, "तुम्ही खूप हळू येता." सुरुवातीला एकदा माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, आईसारखी धावून बघ ना." मुलीने माझ्याकडे नुसते पाहिले. मी जीभ चावली. नको म्हणणे जसे बापाचे चुकते, तसे हो म्हणायला लावणेही चुकतेच. नात सध्या चित्रे काढते. मैलाच्या दगडावर बसलेल्या खंड्याचे तिने काढलेले चित्र माझ्या टेबलासमोर लावले आहे. मागे तिने विचारले, "आबा, तुम्ही पळून कुठं जाता? परत तर इथंच येता." दूधवाल्यापासून नातीपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. त्याला अजून माझ्याकडे धड उत्तर नाही. पण पहाटे शेजारी पावले वाजत असतात आणि वाक्य न तुटता बोलता येते, तोवर उत्तराची घाई मलाही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पाच दगड जाऊन पाच दगड न थांबता परत आलो. दहा किलोमीटर. मुलीचे घड्याळ म्हणाले, एक तास सत्तावीस मिनिटे. तिच्या एकटीच्या वेगाने ती तासाभरात आली असती. सगळा रस्ता ती माझ्या वेगाने धावली. घरी आलो तेव्हा सौ. अंगणात दूध मापून घेत होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती येत नाही. आमच्या धावण्याबद्दल ती फारसे कौतुकही करत नाही. "झालं का?" एवढेच म्हणाली आणि आत गेली.

आंघोळ करून चहाला बसलो, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सहज लक्ष गेले. त्या दिवसाच्या चौकटीत तिचे तेच बारीक अक्षर होते.

'दोघं. १० किमी. हे सोबत होते. दूध २ ली.'

दूध रोजच्यापेक्षा अर्धा लिटर जास्त होते. खीर केली होती.